गादीवरचा डाग आणि आप्पांचं नाक

आमच्या शिरूरच्या घरमालकांना कुणी नवीन माणूस भेटला, की ते आधी नाक पुढे करायचे आणि मग हात. एक लांब श्वास आत घ्यायचे, डोळे बारीक करायचे आणि फक्त 'हं' म्हणायचे. त्या 'हं'नं चांगल्या सरळ माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागायचं. सगळी आळी त्यांना आप्पा म्हणायची. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून रांजणगावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले होते. वडील लहानपणीच गेलेले, घरात मी आणि आई. गाव दौंड तालुक्यात. तिथून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शिरूरला खोली शोधायला लागले. आम्ही बौद्ध. घर शोधताना हे वाक्य बोलावं लागत नसे, आडनावावर काम भागायचं. एका बाईंनी मला खोली दाखवली, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, पोह्यांचा आग्रह केला आणि पोहे परतता परतता विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" मी सांगितलं. पोहे मिळाले, पण खोलीत पुतण्या राहायला येणार असल्याचं त्यांना तेवढ्यात आठवलं. त्या महिन्यात शिरूरमध्ये इतक्या जणांचे पुतणे राहायला येणार होते, की गावाला नवा वॉर्डच काढावा लागला असता. एका गृहस्थांनी मात्र पुतण्याची सोय केली नाही. ते म्हणाले, "तसं काही नाही हो, पण स्वच्छतेचं जरा बघावं लागतं." मी त्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते. घरी आल्यावर मी उगाचच पुन्हा आंघोळ केली, आणि आंघोळ करताना माझाच मला राग आला.

आप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते. त्यांनी नाक पुढे केलं.

"तंबाखू?"

"नाही."

"रॉकेलचा स्टो का गॅस?"

"गॅस आहे."

"कुत्रं, मांजर?"

"नाही."

"हं. किल्ली घ्या."

एवढंच. नाव नाही, गाव नाही. मी किल्ली हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुढचा प्रश्न आला नाही म्हणून मला चुकल्यासारखं वाटत होतं. आपण होऊन सांगायला हवं होतं का, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत राहिले. सांगितलं नाही. आईनं पहिल्याच दिवशी आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि मी तेव्हापासून दार लोटून घेऊ लागले.

खोलीत एक लोखंडी कॉट होती आणि तिच्यावर कापसाची जाडजूड गादी. दोन्ही आप्पांची. भाड्याची बोलणी दोन मिनिटांत उरकली, गादीची बोलणी मात्र अर्धा तास चालली. दर दुसऱ्या रविवारी गादी गच्चीवर न्यायची, दहाला एक बाजू, बाराला दुसरी, तीनच्या आत खाली. गादीवर बसून जेवायचं नाही, ओल्या केसांनी झोपायचं नाही. आप्पांनी उभं आयुष्य दौंडला स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काढलं होतं. गाडी बदलायला उतरलेली माणसं चार-सहा तास पाठ टेकायला यायची, आणि त्या लॉजमधल्या बावीस गाद्या आप्पांच्या ताब्यात होत्या. आधी पोऱ्या, मग गादीवाला, शेवटी मॅनेजर. पण मॅनेजर झाल्यावरही गाद्या त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिल्या नाहीत. "माणूस उठून गेला, की गादी त्येची हकीकत सांगती," असं ते म्हणायचे. त्यांचं दुसरं एक लाडकं वाक्य होतं, "तोंडाला शिकवता येतं, वासाला न्हाई."

सकाळी गवळी आला, की आप्पा किटलीवर वाकायचे. 'हं' म्हणायचे आणि गप्प उभे राहायचे. गवळी थोडा वेळ इकडे-तिकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "आप्पा, आज म्हशीनं कमी दिलं, तांब्याभर घातलंय, खोटं कशाला बोलू." खालच्या खोलीत बिहारचा एक ऑपरेटर राहायचा. तो कामावरून आला, की आप्पा ओसरीवरून फक्त नाक वर करायचे, आणि तो चप्पल काढायच्या आधीच सांगायचा, "बस एक ही बीडी पिया, अप्पा, कसम से." मलाही सोडायचे नाहीत. मी बसमधून उतरून आले, की एक श्वास, एक 'हं'. मग मीच सांगायची, की आज अॅसिटोन सांडलं, आज अमोनियाची बाटली उघडी राहिली. आप्पा मान हलवायचे, जणू त्यांना बाटलीवरचं लेबलसुद्धा दिसलं होतं. बसमधल्या मैत्रिणींना मी सांगायची, की आमच्या घरमालकाचं नाक आमच्या लॅबमधल्या सगळ्या यंत्रांपेक्षा भारी आहे.

हे सगळं माहीत असूनही आई महिन्याभरानं गावाला गेली आणि परत येताना कापडी पिशवीतून मांजर घेऊन आली. ठकी तिचं नाव. मी डोक्याला हात लावला.

"आई, आपण मांजर नाही म्हणून सांगितलंय."

"तवा नव्हतं. खोटं कुठं बोललीस?" आई म्हणाली. "तू जातीस कंपनीत. मी भिंतीसंगं किती बोलू?"

मग दार लोटण्याच्या जोडीला कडीही लागायला लागली. ठकी गावाकडे उकिरड्यात, राखेत, कुठेही मोकळं होणारं मांजर. इथे तिला दिवसभर कोंडून ठेवायचं आणि अंधार पडला की पिशवीत घालून मागच्या मोकळ्या जागेत न्यायचं. राखेची पाटी ठेवावी एवढं साधं सुचलं नाही. पाटी दिसली की मांजर दिसेल, अशी माझी भीती. दोन महिने ठकीनं निभावून नेलं. मांजराच्या मानानं फारच समजूतदार.

एका सोमवारी आई मावशीला बघायला दौंडला गेली. ती दुपारपर्यंत यायची होती, पण एस्टी वाटेत बंद पडली. इकडे मला कंपनीनं पुढच्या पाळीत तीन-चार तास थांबवून घेतलं. आम्ही दोघी दिवेलागणीनंतर पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं घरी पोचलो. ठकी खिडकीत तोंड फिरवून बसली होती. गादीच्या मधोमध परातीएवढा ओला डाग होता आणि पायथ्याशी दुसरा, जरा लहान.

मी केमिस्ट्रीची पदवीधर. मी पातेलंभर पाणी उकळलं आणि डागावर ओतलं. त्यावर धुण्याची पावडर टाकून ब्रशनं घासघास घासलं. वास हटेना, म्हणून फिनाईल ओतलं. फिनाईलनं डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा अंगाला लावायच्या गुलाबाच्या पावडरचा डबा रिकामा केला. पावडरची खळ झाली. आईनं सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "आधी येक वास हुता. आता तीन झाले."

"उद्या सकाळी जाऊन सांगून टाक त्यांना," ती पुढे म्हणाली.

"काय सांगू? गादी त्यांची, मांजर आपलं, आणि ते नाही म्हणून सांगितलेलं. खोली जाईल."

"गेली तर दुसरी बघू."

"दुसरी कुठे आहे? आणि खोलीचं नाही गं. उद्या ते चारचौघांत म्हणतील, बघा, ही माणसं अशीच, घाण करून ठेवतात."

आई ब्रश बादलीत ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आपुन अशी हाय का?"

"नाही."

"मग?"

मी रागानं पंखा गादीकडे केला आणि आम्ही खाली चटईवर झोपलो. तीन दिवस मी आप्पांना चुकवून जिना चढत-उतरत होते. कंपनीतही नाकातून तो वास जाईना. आपल्या कपड्यांना येतोय की काय म्हणून मी बसमध्ये खिडकीशी बसायची. गादी आतून ओलीच होती, कापसाचे गोळे झाले होते, आणि दाबली की फसफस पाणी यायचं. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. आप्पा गुरुवारी सकाळी बाजाराला जातात हे हेरून मी आणि आईनं ते धूड गच्चीवर ओढलं.

अर्ध्या तासात जिन्यावर पायांचा आवाज आला. आप्पा कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन वर आले होते.

"आज गुरवार," ते म्हणाले. "गादी वर कशी?"

मी गादीसमोर उभी राहिले, पण माझ्या अंगानं तो डाग थोडाच झाकणार होता. आप्पा गादीजवळ गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डागापासून बोटभर अंतरावर नाक नेलं. लांब श्वास घेतला. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. भांडी कुठल्या गोणीत, तसबीर कशात गुंडाळायची, इथपर्यंत पोचले होते.

"हं," आप्पा म्हणाले. "चहा सांडला व्हय?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीन हातांवर उभ्या असलेल्या मला मळमळत होतं, आणि हा माणूस त्यात नाक घालून चहा म्हणत होता. फक्त मान हलवायची होती. चहा सांडला, आप्पा, चुकलं. एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. मी तोंड उघडलंही.

"न्हाई आप्पा," मागून आई म्हणाली. "मांजर मुतलंय. दोन महिनं झालं, आमच्याकडं मांजर हाय. लेक भिती तुमाला, म्हून सांगितलं न्हाई."

आप्पा सरळ उभे राहिले. कोथिंबिरीची जुडी त्यांनी कठड्यावर ठेवली. मग टाकीच्या सावलीत बसले आणि म्हणाले, "मला काय बी येत न्हाई वास. आठ वर्सं झाली."

लॉजमधल्या ढेकणांवर औषध मारून मारून नाक गेलं होतं. डॉक्टर झाले, वाफारे झाले, काही उपयोग झाला नाही. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, तीही आता नव्हती, बाकी कुणाला नाही.

"मग तुम्ही तो सगळ्यांचा वास घेता तो?" मी विचारलं.

"सवय. आन् एक सांगू का, मी नुसतं नाक म्होरं केलं, की माणूस आपसूक खरं बोलतो. तुमीच सांगा, लॅबमधी काय सांडलं ते मी कवा वळखलं? तुमीच रोज सांगता."

मला हसू फुटलं. तीन दिवसांचं साठलेलं हसू, ते आवरेना. आईही पदर तोंडाला लावून हसली. आप्पा मात्र हसले नाहीत. ते उठले, डागावरची पांढरी खळ नखानं खरवडली आणि त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "हे काय केलं?" त्यांनी विचारलं. मी एकेक सांगत गेले, तसतसे ते खाली खाली बघायला लागले. गादी घाण झाल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. उकळतं पाणी ऐकून ते कळवळले.

"गरम पाण्यानं मूत शिजतं बाई. कापसात मुरतं. आन् फिनाईल? त्या उग्र वासानं मांजराला वाटतं, हितं दुसरं कुनी येऊन गेलं. ते परत त्याच जागी बसणार. काय शिकवलं तुमाला कॉलेजात?"

कॉलेजात हे शिकवलं नव्हतं. ते आप्पांनी शिकवलं. त्यांनी खालून दाभण, दोरा आणि कात्री आणली, डागाच्या बाजूची शिवण उसवली आणि आतला ओला कापूस हातानं बाहेर काढला. अगदी पिवळा पडलेला फेकला. उरलेला थंड पाण्यात दोनदा पिळून काढला. मग मला एस्टी स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर पाठवलं, बाटलीभर शिरका आणायला. गाडीवाल्यानं व्हिनेगर कशाला म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं नाही. गिऱ्हाइकं खात होती. शिरक्यात निम्मं पाणी घालून आप्पांनी कापसावर आणि गादीच्या कापडावर शिंपडलं, फडक्यानं टिपून घेतलं. "चोळायचं न्हाई, टिपायचं. चोळलं की डाग हातपाय पसरतो." ते वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरायचा, दुसऱ्या दिवशी झटकायचा. मी म्हटलं, दोन्ही एकदम टाकले तर लवकर होईल. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला प्रॅक्टिकलच्या बाई आठवल्या. "एकदम टाकलं की नुसतं फसफसतं. दोन्ही फुकट." ते बरोबर होतं. आम्ल आणि अल्क, मी परीक्षेत लिहून आले होते.

कापूस उन्हात पसरला होता आणि आप्पा वेताच्या काठीनं तो हलके हलके झोडत होते. तसेच झोडता झोडता ते बोलायला लागले. लॉजमध्ये एक मास्तर यायचे, दर महिन्याला, कचेरीच्या कामासाठी. दाराजवळची गादी त्यांची ठरलेली. सकाळच्या गाडीनं जायचे. एकदा ते गेले आणि त्याच गादीसाठी दुसरं गिऱ्हाईक आलं, कडक इस्त्रीचं. त्यानं सही करताना रजिस्टरात वरच्या ओळीतलं नाव वाचलं, आणि म्हणाला, ही गादी बदला.

"मी बदलली," आप्पा म्हणाले. "गादी उचलून बाहेर काढली. आन् त्या साहेबाला बरं वाटावं म्हून नाकाला रुमाल लावला. येवढ्यात मास्तर परत आले. पंचा इसरला हुता त्येंचा. त्येंनी बघितलं. गादी बघितली, रुमाल बघितला. दोरीवरचा पंचा घेतला आन् गेले. परत कवा आले न्हाईत."

काठी थांबली होती.

"त्या गादीला वास नव्हता," ते म्हणाले. "तवा माझं नाक चांगलं हुतं."

आप्पांनी परत कापूस झोडायला घेतला. त्यानंतर त्यांनी लॉजचं रजिस्टर कुणाला वाचू दिलं नाही, वरच्या ओळींवर पुठ्ठा ठेवून सही घ्यायचे. आणि खोली भाड्यानं द्यायला लागल्यावर आडनाव विचारायचंच नाही असं ठरवलं.

मला वाटलं, आता सांगायलाच हवं. "आप्पा, आमचं आडनाव..."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीची पाकिटं पोस्टमन माझ्याच हातात देतो. पहिल्या हप्त्यापासनं ठाऊक हाय. दाराखालनं सरकवतो ती पाकिटं मीच."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी त्यांचा चांगलाच राग आला. तीन महिने मी दार लावून बसले होते, त्यातला एक दिवस तरी वाचवता आला असता. मी तसं बोलूनही दाखवलं. आप्पा म्हणाले, "तुमी दार लावून घेता, मग मी कसं सांगणार?" यावर आईनं मान डोलावली. ती माझ्या बाजूची होती की त्यांच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

गादीचं काम पुढच्या गुरुवारपर्यंत चाललं. आईनं खोलीच्या कोपऱ्यात राखेची पाटी ठेवली आणि ठकी उजळ माथ्यानं ओसरीवर जाऊन आप्पांच्या खुर्चीखाली झोपायला लागली. त्या गुरुवारी आप्पांनी कापूस परत भरला, दाभणानं शिवण घातली, मधले टाके मारले आणि गादी कठड्याला टेकवून उभी केली. मग ते बाजूला झाले.

"घ्या वास," ते मला म्हणाले. "मला तर येत न्हाई. तुमीच सांगायचं."

मी वाकले. डाग फिका तांबूस उरला होता. पायथ्याच्या कोपऱ्यात अजून थोडं काहीतरी होतं, अगदी थोडं. कुणाला कळलंही नसतं.

"इथे अजून आहे," मी म्हटलं.

आप्पांनी तो कोपरा परत उसवला. शिरका, टिपणं, सोडा, आणखी दोन दिवसांचं ऊन. रविवारी मी रजा टाकली. गादी परत कठड्याला लागली, मी परत वाकले, सगळीकडून, उलटी करूनही. उन्हाचा आणि कापसाचा वास येत होता, दुसरा कसलाही नव्हता.

"गेला," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग न्या खाली," आप्पा म्हणाले आणि दाभण दोऱ्याच्या गुंडीत खोचून जिना उतरायला लागले. त्यांनी स्वतः हात लावून पाहिलं नाही, आईला विचारलं नाही, खालच्या ऑपरेटरला बोलावलं नाही. आजवर माझ्या स्वच्छतेचा निकाल लावणारी माणसं मला पुष्कळ भेटली होती. तो निकाल मला विचारून मान्य करणारा हा पहिलाच माणूस.

आम्ही गादी खाली आणून कॉटवर टाकली. सकाळचे अकरा वाजले होते. बघू तर कशी झालीय, म्हणून मी आडवी झाले, आणि जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. शिरूरला आल्यापासून मी इतकी गाढ झोपलेच नव्हते. जेवायला का उठवलं नाहीस म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, "आप्पा येऊन गेले. म्हनले, झोपू द्या तिला."